पडताळणी यादीतून घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक काढून घेताना

मी बेळगावात राहते आणि दहा-बारा वर्षांपासून परिचारिका म्हणून काम करते. शिक्षण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), नोंदणी कर्नाटकाच्या नर्सिंग कौन्सिलकडे आणि नोकरी शहरातल्या एका खासगी इस्पितळात. २०२५ च्या मे महिन्यात एका सरकारी योजनेतील कंत्राटी स्टाफ नर्स पदांची जाहिरात निघाली, तेव्हा आमच्या वॉर्डातल्या बऱ्याच जणींनी अर्ज केले आणि त्यांत मीही केला. जून संपता संपता, नोंदणीची पडताळणी झालेल्या उमेदवारांची तात्पुरती यादी त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर लागली. यादीत नाव, नोंदणी क्रमांक, प्रवर्ग आणि गुण होतेच, पण त्यांच्या जोडीला वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, जन्मतारीख, गल्ली आणि घर क्रमांकासह संपूर्ण पत्ता आणि मोबाइल क्रमांकही छापलेले होते. ही माहिती तेथून हटवून घेईपर्यंत काही महिने गेले. या काळात काय काय करावे लागले, ते इतर भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहीत आहे. कार्यालयाचे नाव मी देत नाही. अशी यादी लावणारे ते एकटेच कार्यालय नव्हे, आणि शेवटी ती यादी दुरुस्त करणारी माणसेही तिथलीच आहेत.

यादी लागली त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी फक्त गुण पाहिले. उरलेल्या रकान्यांचा अर्थ पुढच्या आठवड्यात कळू लागला. आधी एका कोचिंग क्लासचा फोन आला, मग आखातात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटांचे फोन सुरू झाले. त्यातल्या एकाने माझा नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख मला वाचून दाखवली आणि "फाइल तयार आहे, फक्त पैसे भरा," असे सांगितले. परदेशातील नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटांची यादी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्या माणसाने सांगितलेले नाव तिथे नव्हते. एवढ्यावर थांबले असते तर मी कदाचित नंबर ब्लॉक करत राहिले असते. पण एका रात्री नाइट ड्यूटीवर असताना अनोळखी क्रमांकावरून फोन आला आणि पलीकडच्या माणसाने माझे नाव घेऊन आमच्या घराची खूण सांगितली. गल्ली बरोबर, घर क्रमांक बरोबर. घरी सासूबाई आणि मुलगी दोघीच होत्या. मी इन्चार्ज सिस्टरना सांगून घरी फोन लावला, दार आतून लावून घ्यायला सांगितले आणि सकाळी आठला ड्यूटी संपेपर्यंत तासातासाला फोन करत राहिले.

तरीही ही माहिती हटवण्यासाठी अर्ज करण्याचा निर्णय मी घेतला तो माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका धाकट्या मुलीमुळे. ती खानापूर तालुक्यातली आहे. मारहाणीला कंटाळून ती सासर सोडून आली होती आणि शहरात भाड्याची खोली घेऊन राहत होती. तो पत्ता तिने माहेरच्यांखेरीज कोणालाही सांगितलेला नव्हता. नोकरीच्या अर्जात मात्र पत्रव्यवहारासाठी तोच पत्ता लिहावा लागला, आणि तोच यादीत छापला गेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या सासरची माणसे त्या खोलीच्या दारात उभी राहिली. घरमालकीणबाई धीराच्या, त्यांनी त्यांना आत येऊ दिले नाही. पण तिला ती खोली सोडावी लागली. तिचे यादीतले नाव माझ्या नावाच्या जवळच होते. त्या पानाची प्रत माझ्याकडे आहे. आडवे पान, मुंगीएवढी अक्षरे, कन्नडमधील रकान्यांची शीर्षके, उजव्या टोकाला मोबाइल क्रमांकांची सरळ रांग आणि खाली अधिकाऱ्याची सही व गोल शिक्का. त्या रांगेत पुरुष परिचारक मोजकेच होते, बाकी सगळे क्रमांक बायकांचे होते.

पहिले काम म्हणजे आपली माहिती कुठे कुठे दिसते ते शोधणे. केवळ नाव टाकून शोधणे पुरेसे नसते, हे इथे सांगून ठेवते. आपल्या सीमाभागात एकाच बाईचे नाव मराठीत एका तऱ्हेने, कन्नडमध्ये दुसऱ्या तऱ्हेने आणि इंग्रजीत तिसऱ्याच स्पेलिंगने लिहिलेले असते. त्यातून कर्नाटकातील कित्येक सरकारी याद्या नुडी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना कन्नड अक्षरे दिसतात, पण शोधयंत्राला ती अक्षरे म्हणून ओळखता येत नाहीत, त्यामुळे नावाने शोधले तर काहीच सापडत नाही आणि आपण निर्धास्त होतो. आकडे मात्र तसेच सापडतात. म्हणून आपला मोबाइल क्रमांक आणि नोंदणी क्रमांक अवतरणचिन्हांत घालून वेगवेगळा शोधावा. मी तसे केल्यावर मूळ यादी तर सापडलीच, शिवाय नोकरीविषयक बातम्या देणाऱ्या दोन संकेतस्थळांनी आणि एका मेसेजिंग ॲपवरील चॅनेलने तीच फाइल उचलून लावल्याचेही दिसले. प्रत्येक ठिकाणचा पूर्ण दुवा, तारीख आणि पानाचे चित्र जपून ठेवावे, कारण फाइल काढून टाकल्यावर ती तिथे होती हे दाखवायला दुसरे काही उरत नाही.

आमच्या गल्लीत महसूल खात्यातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे मी ही सगळी कागदपत्रे घेऊन गेले. त्यांनी शांतपणे वाचून मला विचारले, "बाळ, तुला यादी काढायला हवी आहे की यादीतला पत्ता?" हा प्रश्न महत्त्वाचा होता आणि पुढच्या सगळ्या अर्जांची दिशा त्यावरच ठरली.

यादी उघड असणे आवश्यक आहे. कोणाला किती गुण मिळाले, कोण कोणत्या प्रवर्गातून आले हे सर्वांना दिसले नाही, तर आक्षेप घेता येत नाही आणि भरतीत वशिल्याला मोकळे रान मिळते. नोंदणीचेही तसेच आहे. रुग्णाच्या नसेत औषध सोडणारी व्यक्ती खरोखर शिकलेली आणि नोंदणी असलेली आहे का, तिच्या नोंदणीची मुदत शिल्लक आहे का, तिच्यावर काही कारवाई झाली आहे का, हे रुग्णाला, नातेवाइकांना आणि इस्पितळाला तपासता यायलाच हवे. बनावट प्रमाणपत्रे घेऊन काम करणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि कुठल्यातरी नर्सिंग होमच्या कागदोपत्री कर्मचारी यादीत भलत्याच परिचारिकेचा नोंदणी क्रमांक लावल्याचेही ऐकले आहे. अशा गोष्टी उघडकीस येतात त्या नोंदवही सर्वांना पाहता येते म्हणूनच. त्यामुळे आपले नाव, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि नोंदणीची मुदत कोणी पाहिली तर त्यावर परिचारिकेने हरकत घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. मात्र यातली एकही गोष्ट तपासण्यासाठी माझी गल्ली किंवा माझा मोबाइल क्रमांक लागत नाही. शिवाय पूर्वी अशी छापील नोंदवही पाहायची तर त्या कार्यालयात जाऊन, कोणाला तरी विचारून पाहावी लागे. आता तीच माहिती रात्री दोन वाजता, कुठल्याही गावात, कोणाच्याही हातातल्या फोनवर उघडते.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. तिने तिकडच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या नोंदवहीत स्वतःची नोंद काढून मला पाठवली. त्यात नाव, नोंदणीचा प्रकार, तारखा आणि केवळ ढोबळ ठिकाण दिसते, रस्ता किंवा घर क्रमांक दिसत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात व्यावसायिक परवानाधारकांचा नोंदीतला पत्ता सार्वजनिक मानतात, पण घराऐवजी पोस्ट बॉक्स किंवा दुसरा पत्ता देण्याची मुभा ठेवतात. म्हणजे रुग्णाची खात्री आणि परिचारिकेचे घर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळता येतात, आणि आपण मागतो आहोत ते काही जगावेगळे नाही, हे माझ्या मनात पक्के झाले.

२१ जुलै रोजी मी पहिला अर्ज दिला. अर्ज कन्नडमध्ये शिरस्तेदार काकांनी लिहून दिला. मराठीत अर्ज घेत नाहीत म्हणून खट्टू होऊन घरी परतणाऱ्या अनेक जणी मला माहीत आहेत. त्यांना माझे सांगणे असे की, भाषेचा प्रश्न मोठा आहे आणि तो लढवलाच पाहिजे, पण घराचा पत्ता उघड्यावर असताना अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत देऊन मोकळे व्हावे. अर्जात तीन गोष्टी मागितल्या होत्या. यादीतील पत्ता, मोबाइल क्रमांक आणि जन्मतारीख हे रकाने वगळून तीच यादी पुन्हा लावावी. जुनी फाइल संकेतस्थळावरून पूर्ण हटवावी, केवळ मुखपृष्ठावरचा दुवा काढून थांबू नये. आणि अंतिम यादी लावताना हीच पद्धत पाळावी. आधाराला २४ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल नमूद केला होता. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात एकमताने सांगितले आहे, आणि ज्यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश होते.

त्या कार्यालयाच्या टपाल विभागातील एसडीए, म्हणजे द्वितीय दर्जा साहाय्यक, कारकुनाने अर्ज वाचला, आणि तो वाईट माणूस नव्हता हे आधी लिहिते. तो म्हणाला, "तुमचं एकटीचंच न्हाई ओ सिस्टर, सगळ्यांचंच आलंय की. फॉर्मात जे भरलंय तेच यादीत येतंय." मी म्हटले की सगळ्यांचे आले आहे म्हणूनच अर्ज आहे. त्याने आवक क्रमांक टाकून माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. हा शिक्का घेतल्याशिवाय कोणत्याही कार्यालयातून बाहेर पडू नये. पुढच्या प्रत्येक पत्रात तोच आवक क्रमांक लिहावा लागतो, आणि अर्ज मिळालाच नाही असे म्हणायला जागा राहत नाही.

त्यानंतर काहीच झाले नाही. केस वर्कर (फाइल हाताळणारा कारकून) रजेवर आहे, साहेब मीटिंगला बेंगळुरूला गेले आहेत, फाइल वर पाठवली आहे, अशी उत्तरे मिळत राहिली. रात्रपाळी करून सकाळी कार्यालयात जाऊन बसायचे आणि दुपारी घरी येऊन झोपायचे, असे ते दिवस गेले. पत्ता हटवण्याची मागणी म्हणजे आपण भरती प्रक्रियेत अडथळा आणतो आहोत आणि त्यामुळे आपली निवड अडेल, ही भीती माझ्या बरोबरच्या मुलींना वाटत होती. मलाही वाटत होती. सह्या करायला दोघीच पुढे आल्या, आणि ज्या आल्या नाहीत त्यांना मी दोष देत नाही.

याच दरम्यान रात्रीच्या फोनबद्दल मी पोलिसांकडे गेले. बेळगावात अशा तक्रारींसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीचे) पोलीस ठाणे आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. कोणी छळत असेल तर महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. नको म्हणूनही बाईशी वारंवार संपर्क साधणे किंवा तिचा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. माझ्या तक्रारीची पोच मिळाली, त्या क्रमांकावर पोलिसांनी फोन केला आणि पुन्हा तिकडून फोन आला नाही. सासूबाईंना त्या रात्रीनंतर पहिल्यांदा शांत झोप लागली.

ऑगस्टच्या मध्यावर शिरस्तेदार काकांनी माहिती हक्काचा अर्ज करायला सांगितले. त्यांचे म्हणणे असे की विनंती अर्जावर बसून राहता येते, माहिती हक्काच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते. माहिती हक्क कायद्याच्या कलम ६ प्रमाणे हा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. कर्नाटकाच्या नियमांत आणखी एक अट आहे, ती महाराष्ट्रातून माहिती वाचून अर्ज करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. मी आधी दोन पाने लिहिली होती, ती काकांनी बाजूला ठेवली आणि दोनच प्रश्न ठेवायला लावले. उमेदवारांचा घरचा पत्ता, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यास सांगणारा नियम, आदेश किंवा परिपत्रक असल्यास त्याची प्रत द्यावी. आणि माझ्या २१ जुलैच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या टिपणीची प्रत द्यावी.

खर्च म्हणाल तर शुल्क दहा रुपये, ते पोस्टल ऑर्डरने भरले. कागदांच्या प्रतींना पानामागे दोन रुपये. स्पीड पोस्ट आणि झेरॉक्स धरून सगळे मिळून शंभर-दीडशे रुपयांच्या आत झाले. खरा खर्च बुडालेल्या सुट्यांचा आणि झोपेचा.

हा अर्ज लिहिताना मला एक विसंगती जाणवली, ती आजही खुपते. माझ्याविषयीची जी माहिती मी एखाद्या कार्यालयाला गोपनीय समजून दिलेली आहे, ती दुसऱ्या कोणी माहिती हक्काखाली मागितली आणि देण्याचा विचार झाला, तर कलम ११ प्रमाणे आधी मला नोटीस द्यावी लागते आणि माझे म्हणणे मांडायला दहा दिवस द्यावे लागतात. म्हणजे एका माणसाने रीतसर मागितले तर मला विचारायचे, आणि साऱ्या जगासाठी संकेतस्थळावर लावताना विचारायचे नाही. पुढे अधिकाऱ्यांची भेट झाली तेव्हा मी हेच त्यांना सांगितले.

मध्ये गणपती आले. २७ ऑगस्टला चतुर्थी होती, आणि बेळगावातल्या कार्यालयांत त्या दिवसांत कामाचा वेग किती असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मुदत संपायच्या सुमारास, उत्तर आले. कन्नडमधील चार ओळी होत्या. पहिल्या प्रश्नाला, असा आदेश किंवा परिपत्रक या कार्यालयात उपलब्ध नाही. दुसऱ्या प्रश्नासोबत टिपणीचे एकच पान होते, त्यावर "योग्य कार्यवाहीसाठी सादर" एवढेच लिहिलेले होते. उत्तर आले नसते किंवा अपुरे आले असते तर तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे प्रथम अपील करता येते आणि त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. मला ती वेळ आली नाही.

त्या चार ओळींनी सगळे चित्र बदलले. पत्ता आणि मोबाइल क्रमांक छापा असे कोणीही सांगितलेले नव्हते. अर्जाच्या तक्त्यात रकाने होते, म्हणून ते यादीत आले. हे उत्तर जोडून मी नवा अर्ज लिहिला आणि थेट अधिकाऱ्यांची वेळ मागितली. दसऱ्यानंतर भेट मिळाली. माझ्याबरोबर ती धाकटी मुलगीही आली. तिने स्वतः काहीच सांगितले नाही. मी तिच्या परवानगीने, तिचे नाव न घेता, खोलीच्या दारात काय घडले ते सांगितले. अधिकाऱ्यांनी संगणकावर यादी उघडली, उजव्या टोकाचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला आणि संगणक ऑपरेटरला बोलावून घेतले. दिवाळीच्या आधी नवी यादी लागली. तिच्यात अर्ज क्रमांक, नाव, नोंदणी क्रमांक, प्रवर्ग आणि गुण एवढेच रकाने होते. कोणाचाही आक्षेप त्यामुळे अडला नाही आणि भरतीही अडली नाही. माझा क्रम निवडीच्या बराच खाली होता, तो तसाच राहिला.

संकेतस्थळावरचा दुवा बदलला तरी जुन्या फाइलचा पत्ता थेट टाकल्यास ती उघडत होती. हे तपासून पाहणे फार महत्त्वाचे आहे. पुन्हा ऑपरेटरना सांगितले, त्यांनी सर्व्हरवरून फाइल काढली. तरीही गूगलच्या शोधात माझा क्रमांक काही दिवस दिसत राहिला. मूळ पान नाहीसे झाले असेल तर कालबाह्य मजकूर काढण्यासाठी गूगलचे वेगळे साधन आहे, आणि पान अजून चालू असेल तर घरचा पत्ता व फोन क्रमांक शोधनिकालातून वगळण्याची विनंती करणारा निराळा अर्ज आहे. दोन्हींत फरक आहे. पहिल्या प्रकाराला माझ्या बाबतीत लवकर यश आले. दुसऱ्याने फक्त शोधनिकाल जातो, मूळ फाइल तिथेच राहते. मेसेजिंग ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला मी ई-मेल केला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तेव्हा २४ तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निपटारा अपेक्षित होता. चॅनेलवरची फाइल गेली. ज्यांनी ती आधीच आपल्या फोनवर उतरवून घेतली, त्यांच्याकडून ती परत घेण्याचा मार्ग नाही, आणि ही गोष्ट मनाला लावून घेतली तर झोप येत नाही, म्हणून मी ती तिथेच सोडली.

यानंतर मी माझ्या स्वतःच्या नोंदणीकडे वळले. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना आपण सवयीने घरचा पत्ता आणि रोजचा मोबाइल क्रमांक लिहितो, आणि पुढे तोच प्रत्येक ठिकाणी फिरतो. कायमचा पत्ता ओळखपत्राप्रमाणे खराच द्यावा लागतो, त्यात काही बदल करू नये. पत्रव्यवहाराचा पत्ता मात्र वेगळा देता येतो. मी मॅट्रन मॅडमची लेखी परवानगी घेऊन तिथे इस्पितळाचा पत्ता दिला. नोकरी बदलली की तो आठवणीने बदलायचा, नाहीतर कौन्सिलचे पत्र भलतीकडे पडून राहील. मोबाइलसाठी एक वेगळे सिमकार्ड घेतले, ते फक्त अर्ज, नोंदणी आणि परीक्षा यांसाठी वापरते. ते चालू ठेवणे आवश्यक आहे, कारण ओटीपी त्यावरच येतो. आधारची प्रत मागितली तर शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून काढता येते, आणि ती चालेल का हे आधी विचारावे. कोणाचाही आधार क्रमांक उघड्यावर प्रसिद्ध करायला आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मनाई आहे. आमच्या यादीत आधार क्रमांक नव्हते, पण दुसऱ्या कुठल्या यादीत दिसले तर हे कलम लिहून त्याच दिवशी अर्ज द्यावा.

हे सगळे चालू असतानाच नोव्हेंबरच्या मध्यावर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम केंद्र सरकारने जाहीर केले. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा हक्क या कायद्यात आहे, पण त्याच्या मुख्य तरतुदी लागू व्हायला नियम जाहीर झाल्यापासून अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे २०२७ चा मे महिना येईल. शिवाय ज्या माहितीचे प्रकाशन कायद्यानेच बंधनकारक केलेले आहे, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणून "कोणत्या नियमाखाली प्रसिद्ध केले" हा प्रश्न पुढेही पहिला विचारावा लागेल, आणि त्याचे लेखी उत्तर हातात असणे मोलाचे ठरेल. त्याच वेळी माहिती हक्क कायद्याचे कलम ८ मधील वैयक्तिक माहितीचे पोटकलमही बदलले. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अकारण घाला घालणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येत असे, आता त्या अटी तिथून गेल्या आहेत. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याचा मार्ग कलम ८ च्या दुसऱ्या पोटकलमात शिल्लक आहे. मला या बदलाचा आनंद झाला नाही. माझ्या घराच्या पत्त्याच्या नावाखाली उद्या एखाद्या अपात्र माणसाच्या नेमणुकीची माहिती दडवली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

डिसेंबरमध्ये सुवर्णसौधातील विधिमंडळ अधिवेशनामुळे बेळगावातली सगळीच कार्यालये त्या धावपळीत होती, त्यामुळे अंतिम यादी जानेवारीत लागली. ती मी वरपासून खालपर्यंत पाहिली. पत्ता नाही, मोबाइल क्रमांक नाही, जन्मतारीख नाही. नोकरीच्या बातम्या देणाऱ्या दोनपैकी एका संकेतस्थळाने माझ्या ई-मेलनंतर जुनी फाइल काढली. दुसऱ्याने अजून उत्तर दिलेले नाही, त्याच्या चालकाचा पत्ता शोधून मी आता पोचपावतीचे पत्र पाठवले आहे आणि त्याची एक प्रत सीईएन ठाण्यातल्या माझ्या तक्रारीला जोडली आहे. ती धाकटी मुलगी दुसऱ्या ठिकाणी राहायला गेली असून तिने पत्रव्यवहाराच्या पत्त्यातील बदलाचा अर्ज गेल्याच आठवड्यात पाठवला. मी केलेल्या अर्जांचा कन्नड आणि इंग्रजी मसुदा माझ्याकडे आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी स्वतःचा तपशील न लिहिता तेवढे कळवावे, मी पाठवीन.